पाणी तेवढंच, तक्रारी निम्म्या: माण तालुक्यातल्या एका गावाचं पाणीवाटप

प्रकरण अभ्यास. गावाचं, आळ्यांचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर, तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस. दुसऱ्या टोकाला माण, तिथे साडेचारशे ते पाचशे मिलीमीटर, तोही लहरी. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला. ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात सातारा जिल्ह्यातले वाई आणि खंडाळा होते, माण नव्हता. पावसाची तूट त्या-त्या तालुक्याच्या सरासरीशी ताडून पाहतात. त्यामुळे ज्याची सरासरीच तुटपुंजी, तो तालुका यादीत येईलच असं नाही. नंतर महसूल मंडळनिहाय दुष्काळसदृश यादी निघाली, पण मधल्या काळात गावात एक गोष्ट पक्की बसली: आपल्याला डावललं. पुढे आळीआळीत जे घडलं त्यामागे ही चीड आधीपासून होती, हे लक्षात ठेवायला हवं.

गाव साधारण २,१०० वस्तीचं, ४१२ कुटुंबं. ३६८ घरांत नळ, उरलेली ४४ कुटुंबं सार्वजनिक नळकोंडाळ्यावर. ओढ्याकाठी सार्वजनिक विहीर, तिच्यावर साडेसात अश्वशक्तीचा पंप, तिथून पावणेदोन किलोमीटरची चढती लाइन आणि ६०,००० लिटरची उंच टाकी. टाकीखालून निघणाऱ्या ११० मिलीमीटरच्या लाइनीवर चार भाग येतात. गावठाणाची वरची बाजू टाकीला सगळ्यात जवळ, ११८ घरं. खालची बाजू १०४. स्टँड आणि शाळेचा भाग, नळकोंडाळ्यासह १०० कुटुंबं. शेवटी माळावरची वस्ती, ९० कुटुंबं, त्यात मेंढपाळ आणि रोजंदारीवरचे जास्त. वस्ती लाइनीच्या शेपटाला तर आहेच, शिवाय जमीनही उंच.

जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा. या गावाला तो लावला तर रोज १,१५,५०० लिटर लागतात. दिवाळीपर्यंत विहीर तेवढं देत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती ४०,००० वर आली.

अडचण

फेब्रुवारीअखेर ग्रामपंचायतीने नेहमीचा मार्ग धरला. तहसील कार्यालयाकडे प्रस्ताव देऊन एक खासगी विहीर अधिग्रहित करून घेतली. तिचं १२,००० लिटर पाणी रोज टाकीत येऊ लागलं, म्हणजे एकूण ५२,०००. पाणी तीस टक्क्यांनी वाढलं.

तक्रारवहीत फेब्रुवारीत ११ तक्रारी होत्या. मार्चमध्ये ३४ झाल्या. हंडा मोर्चाही मार्चमध्येच आला, आणि तो पाणी वाढल्यानंतर आला.

ग्रामपंचायतीत याचा पहिला अर्थ लावला गेला तो "लोकांना कितीही द्या, समाधान नाही" असा. सरकारी कामात हे वाक्य फार लवकर तोंडात येतं आणि पुढची चौकशी तिथेच थांबते. इथे थांबली नाही, कारण पाणीपुरवठा समितीतल्या दोन सदस्या स्वतः स्टँडमागच्या भागात राहत होत्या. वाढलेलं पाणी त्यांच्या नळाला कधी दिसलंच नव्हतं.

मोजणी

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तीन दिवस मोजणी केली. पद्धत साधी होती. टाकीच्या आत दर दहा सेंटीमीटरला खुणा केलेली पट्टी सोडली आणि व्हॉल्व्ह उघडण्याआधी व बंद केल्यावर पातळी लिहिली. चारही भागांतल्या प्रत्येकी सहा नळांखाली २० लिटरचा डबा धरून तो भरायला किती सेकंद लागतात ते पाहिलं, आणि पाणी किती मिनिटं येतं तेही टिपलं.

सरासरी निघाली ती अशी: वरच्या बाजूला घरटी रोज १९० लिटर, खालच्या बाजूला १२०, स्टँडच्या भागात ६०, माळावर २८. या सगळ्यांची बेरीज ४३,४०० च्या आसपास होते. टाकीतून सुटत होते ५२,०००. उरलेलं साडेआठ हजार लिटर पाणी गळतीत जात होतं.

वरच्या बाजूची तफावत टाकी जवळ असल्यामुळे होतीच, पण त्यात भर नळाला थेट जोडून पाणी ओढणाऱ्या टिल्लू मोटारींची. मोटार लावलेल्या एका नळाला मिनिटाला २२ लिटर पडत होते, शेजारच्या बिनमोटारीच्या नळाला ९. माळावर दोन. शेजाऱ्याने मोटार लावली की आपला नळ आटतो, म्हणून आपणही लावायची, अशी ती साखळी. मोटार असलेल्या बहुतेकांना ती चोरी वाटत नव्हती, बचाव वाटत होता.

दुसरी गोष्ट मोजायच्या यादीत नव्हती. तीन दिवस व्हॉल्व्हजवळ उभं राहिल्यामुळे ती दिसली. पाणी सुटायची वेळ पहिल्या दिवशी सकाळी सव्वाअकरा, दुसऱ्या दिवशी दुपारी दोन, तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊ. विहिरीवरचा पंप शेतीच्या फीडरवर (शेतीपंपांच्या वेगळ्या वीजवाहिनीवर) होता. शेतीची थ्री-फेज कधी दिवसा, कधी रात्री, पाळीपाळीने येते. टाकी भरली की पाणी सोडायचं, हा कर्मचाऱ्याचा शिरस्ता, त्यामुळे विजेचं वेळापत्रक हेच गावाच्या पाण्याचं वेळापत्रक झालं होतं. खुरपणीला जाणाऱ्या बाईने कामावर जावं की नळाशी बसावं, हे आदल्या रात्री ठरवता येत नव्हतं.

याच आठवड्यात ८० घरांत, प्रत्येक भागातल्या वीस, तीन प्रश्न विचारले. शेवटच्या पंधरवड्यात पाण्यासाठी रोजगार बुडाला का? उद्या पाणी कधी येईल ते ठाऊक आहे का? आणि तिसरा, जागतिक आनंद अहवालात वापरतात त्या शिडीचा: सर्वात खालची पायरी शून्य, वरची दहा, पाण्याच्या बाबतीत तुमचं घर आज कुठल्या पायरीवर? मूळ शिडी सगळ्या आयुष्याबद्दल विचारते, इथे ती फक्त पाण्यापुरती घेतली. शिडीचं चित्र कागदावर काढून बोट ठेवायला सांगितलं. आकडा विचारला की माणसं शाळेतल्या गुणांसारखं उत्तर देतात, बोट ठेवताना थोडा विचार करतात.

८० पैकी ३७ घरांत निदान एक रोजगार बुडालेला होता. उद्याची वेळ सहा जणांना ठाऊक होती, आणि त्या सहांतले चार पाणी सोडणाऱ्याच्या शेजारचे किंवा भावकीतले. शिडीवर वरची बाजू ५.६, खालची ५.०, स्टँड ३.९, माळ २.८. वरच्या बाजूला माळाच्या जवळजवळ सातपट पाणी मिळत होतं आणि तरी ती जेमतेम निम्म्या शिडीच्या वर. समितीचं लक्ष या आकड्याने वेधलं.

पर्याय

*नवीन बोअर.* दख्खनच्या काळ्या कातळात पाणी भेगांत असतं, लागलं तर लागलं. शिवाय लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागली होती आणि मतदान ७ मे ला. तातडीच्या पाण्याच्या कामाला वाट असते, पण परवानग्यांचा कागद फिरेपर्यंत एप्रिल सरला असता. पर्याय सोडला.

*टँकर.* टँकरचा ग्रामीण निकष माणशी २० लिटर. गावाला त्या वेळी टाकीच्या मोजमापाने पंचवीसच्या आसपास मिळत होते, म्हणजे प्रस्ताव टिकणं अवघड. माळाला मात्र माणशी साडेपाच लिटर पडत होते. सरासरीत गाव पास आणि वस्ती नापास. वस्तीपुरता वेगळा प्रस्ताव देता आला असता, पण त्यासाठी आपल्याच गावात आपण पाणी पोचवत नाही हे लिहून द्यावं लागलं असतं. ते लिहायला कोणी धजलं नाही. हा पर्याय गुणावर नव्हे, संकोचावर मागे पडला.

*मीटर.* ऐकायला न्याय्य. पण खंडित पुरवठ्यात पाणी सुटलं की आधी लाइनीतली हवा धावते आणि मीटर हवेवरही फिरतो. शेपटाच्या घरांना हवा जास्त, म्हणजे पाणी न मिळताच बिल. नाकारला.

*थकबाकीदारांचे नळ तोडणं.* पाणीपट्टी वर्षाला १,२०० रुपये, वसुली ४१ टक्के. ही मागणी वरच्या बाजूकडून जोरात होती. यादी काढली तेव्हा थकबाकी चारही भागांत निघाली, सर्वात मोठी रक्कम वरच्या बाजूच्याच काही घरांची. मागणी आपोआप बसली. वसुलीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

*आहे ते पाणी वेगळ्या रीतीने वाटणं.* इथे खरा खल झाला.

निर्णयाच्या जागा

पहिला प्रश्न: समान म्हणजे काय समान? समान वेळ म्हणजे समान पाणी नव्हे, कारण दाब वेगळा. मग समान लिटर, पण घरटी की माणशी? या भागाला हा वाद नवा नाही. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदरच्या पाणी पंचायतीत विलासराव साळुंखे यांनी पाण्याचा हक्क माणशी अर्धा एकर सिंचनाचा, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर असा बांधला. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवरच्या बळीराजा स्मृती धरणात भूमिहीनांसकट प्रत्येक कुटुंबाला वाटा ठरला, आणि आटपाडी परिसरात नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्या चळवळीने समन्यायी वाटपाची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. ते सगळं शेतीच्या पाण्याचं. पिण्याच्या पाण्यात माणशी वाटप जास्त न्याय्य, पण नळाला माणसं मोजता येत नाहीत. समितीने घरटी मोजमाप धरलं आणि सातपेक्षा जास्त माणसांच्या ३१ घरांना अधिग्रहित विहिरीजवळच्या तोटीवरून रोज दोन हंडे जादा ठरवले. कागदावर बरं दिसलं. प्रत्यक्षात ते हंडे आणायचे कोणी, तर घरातल्या सुनांनी. पंधरा दिवसांत निम्म्या घरांनी ते सोडून दिले.

दुसरा: रोज थोडं की एकाआड एक दिवस जास्त? रोज चारही भागांना सोडलं तर लाइन चार वेळा भरायची आणि रिकामी व्हायची, दाब कोणालाच नाही. दिवसाला दोनच भाग उघडले तर दाब टिकतो, शेपटापर्यंत पाणी जातं. तांत्रिकदृष्ट्या एकाआड एक दिवस हाच मार्ग. पण त्यात दोन दिवसांचं पाणी साठवावं लागतं. वरच्या बाजूला घरोघरी ५०० ते १,००० लिटरच्या टाक्या. माळावर आणि स्टँडमागे ५७ घरं अशी निघाली की सगळे हंडे-कळशा भरल्या तरी ८० लिटर होत नव्हते. अशा घराला एका पाळीला दोनशे लिटर देणं म्हणजे सव्वाशे लिटर गटारीत देणं. वाटप सारखं करायचं तर आधी साठवण सारखी करावी लागत होती. गावच्या मुंबईकर मंडळींनी २०० लिटरचे ५७ बॅरल द्यायचं कबूल केलं, एक १,१०० रुपयांना. जुने बॅरल घेताना आत आधी काय होतं हे पाहावं लागतं. खाद्यतेलाचे किंवा आंब्याच्या रसाचे चालतात, रसायनाचे कितीही धुतले तरी नाहीत.

तिसरा: टाकी भरलेली असताना पाणी अडवून ठेवायचं का? वीज कधीही येवो, टाकी कधीही भरो, पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचलाच सोडायचं, असा प्रस्ताव होता. दिवसाचं ५२,००० लिटर ६०,००० च्या टाकीत मावत होतं, म्हणजे खर्च शून्य. विरोध मात्र याच मुद्द्याला सर्वात जास्त झाला. टाकी भरलेली दिसतेय आणि नळ कोरडा, हे लोक सहन करणार नाहीत, असं सदस्यांचं म्हणणं. रात्री कोणी व्हॉल्व्ह उघडेल ही भीतीही खरी. शेवटी व्हॉल्व्हच्या चेंबरला कुलूप आणि किल्ल्या दोन ठिकाणी, एक कर्मचाऱ्याकडे, दुसरी त्या दिवशी पाळी असलेल्या भागातल्या दोन महिलांकडे, असं ठरलं.

चौथा: मेंढपाळांची अकरा घरं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडलेली, पावसाच्या तोंडाला परतणारी. त्यांचा वाटा कोणाचा? खालच्या बाजूने तो कमी करायची मागणी केली. चौकशीत दिसलं की अकरापैकी आठ घरांत म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं मागे आहेत. वाटा कायम ठेवला.

मोटारींचं काय करायचं यावर फार वेळ गेला नाही. पाणी सुटताना सिंगल फेज बंद ठेवायला वायरमनला सांगायचं, ही आसपासची रूढ रीत. पण पहाटे वीज गेली की पिठाची गिरणी आणि दूध संकलन केंद्राचं काम अडतं. छापे घालायला कोणी तयार नव्हतं. त्याऐवजी चकती बसवायचं ठरलं.

कारवाई

चकती म्हणजे तीन मिलीमीटर जाडीच्या नायलॉनची गोल कापलेली टिकली, मधोमध लेथवर पाडलेलं भोक, घराच्या जोडणीत युनियनच्या (पाइपाच्या उघडता येणाऱ्या सांध्याच्या) आत बसवायची. वरच्या बाजूला पाच मिलीमीटरचं भोक, खालच्या बाजूला सहा, पुढच्या दोन भागांना चकती नाही. टाकीच्या पूर्ण दाबालाही पाच मिलीमीटरच्या भोकातून मिनिटाला सुमारे दहा लिटरच जातात. मोटार लावली तर तेरा-चौदा. म्हणजे मोटार बंदी न घालताच तिचा फायदा बराच कमी होतो. २२२ चकत्या बसवून सगळे मिळून २२,२०० रुपये. बिघाड दोन प्रकारचे: लाइनीतली वाळू भोकात अडकते, म्हणून दर पंधरा दिवसांनी काढून धुवावी लागते. आणि काही जण तापवलेल्या खिळ्याने भोक मोठं करतात. पहिल्या महिन्यात अशा नऊ निघाल्या. भोकाची कड वितळलेली असते, त्यामुळे ओळखायला वेळ लागत नाही.

लाइनीवर तीन नवे व्हॉल्व्ह, चेंबर आणि कुलपासह ३६,००० रुपये. गळतीच्या दोन जागा दुरुस्त केल्या, ९,००० रुपये. त्यातली एक गटार ओलांडणाऱ्या पाइपाला होती. ही जागा गळतीपेक्षा आरोग्यासाठी वाईट. लाइन रिकामी होताना आत पोकळी तयार होते, मोटारी ती वाढवतात आणि भेगेतून गटाराचं पाणी आत खेचलं जातं. टाकीत हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही माळावरच्या नळाला ओटी टेस्टमध्ये, म्हणजे क्लोरीनच्या रंगचाचणीत, क्लोरीन का दिसत नव्हता, याचं उत्तर बहुधा इथेच होतं. दुरुस्तीनंतर दिसू लागला.

वेळापत्रक १ एप्रिलपासून. एका दिवशी माळ साडेपाच ते सहा पस्तीस, नंतर वरची बाजू पावणेसात ते सात पस्तीस. दुसऱ्या दिवशी स्टँडचा भाग एक तास, मग खालची बाजू पाऊण तास. शेपूट आधी, टाकीजवळचा भाग नंतर, कारण टाकी पूर्ण भरलेली असताना दाब सर्वात जास्त, आणि उंचावरच्या वस्तीला तोच लागतो. आठच्या आत सगळं उरकतं, कामावर जाणारी माणसं मोकळी.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काळा फळा. त्यावर रोज चार रकाने: टाकीची पातळी, उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, आणि त्या भागातल्या दोन महिलांच्या सह्या. फळ्याच्या खाली एकच नियम ऑइल पेंटने लिहिला: चुकलेली पाळी आधी. लाइट गेली, पंप बिघडला, काहीही झालं, तरी ज्याची पाळी चुकली त्याच्यापासूनच पुन्हा सुरुवात. पूर्वी चुकलेली पाळी गेली ती गेलीच, आणि ती नेहमी शेपटाचीच जायची.

एप्रिलच्या मध्यावर विहिरीवरची डीपी (विजेचं रोहित्र) जळाली. चार दिवस पंप बंद. दोन दिवस टँकरच्या दोन-दोन खेपा आणून घरटी चार हंडे वाटले, त्यावरून दोनदा भांडणं झाली. वीज आली त्या दिवशी तारखेने पाळी स्टँडची आणि खालच्या बाजूची होती, नियमाने माळाची आणि वरच्या बाजूची. खालच्या बाजूचे तीसेक जण व्हॉल्व्हपाशी जमले. नियम आधीच रंगवलेला होता आणि गेल्या पंधरवड्यात एकदा तो त्यांच्याही बाजूने लागला होता. त्यामुळे बोलाचाली होऊन मिटलं. नियम त्या सकाळी सांगितला असता तर तो पक्षपात ठरला असता.

निष्पत्ती

एप्रिलअखेर पुन्हा डबे धरून मोजलं. घरटी रोजची सरासरी वरच्या बाजूला १२८ लिटर, खाली ११७, स्टँडला १०८, माळावर १०४. गळती साडेआठ हजारांवरून साडेचार हजारांवर. टाकीत येणारं पाणी तेच, ५२,०००.

तक्रारी एप्रिलमध्ये १९, त्यातल्या १३ पहिल्या आठवड्यातल्या. मे महिन्यात ८. बुडालेल्या रोजगाराचं उत्तर ३७ घरांवरून ९ वर.

शिडीचे आकडे जास्त बोलके. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात माळ ५.९, स्टँड ५.६, खालची बाजू ५.४, वरची ४.७. मेच्या मध्यावर माळ ५.६, स्टँड ५.८, खालची ५.७, वरची ५.५. वरच्या बाजूचं पाणी तिसऱ्या हिश्शाने कमी झालं, तिथला आकडा आधी घसरला आणि दीड महिन्यात जवळपास पूर्वीच्या जागी आला. तिथल्या घरांना विचारल्यावर कारण मिळालं ते मोटारीचं: पाणी सुटलं की धावत जाऊन बटण दाबायची गरज उरली नाही, सकाळच्या पन्नास मिनिटांत भरून होतं. माळाचा आकडा मात्र ५.९ वरून ५.६ वर उतरला. पाणी कमी झालं नव्हतं, मिळण्याची सवय झाली होती आणि आता लोक गढूळपणाबद्दल बोलू लागले होते. धोरण आखताना हा उतार अपयश म्हणून वाचू नये. कालपर्यंत जे अशक्य वाटत होतं ते आज किमान अपेक्षा झालेलं असतं.

आकडे वाचताना सावधगिरी हवी. घरं ऐंशीच. विचारणाऱ्या महिला समितीशी संबंधित, तेव्हा तोंडावर वाईट कोण म्हणणार? मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून विहीर आणखी खाली गेली आणि टँकरची भर पडली, त्यामुळे मेचा आकडा निव्वळ वाटपाचा नाही. तरी एप्रिलचा आहे, आणि एप्रिलमध्ये बदललं ते मुख्यतः वाटप.

ग्रामपंचायतीचा खर्च एकूण ६७,२०० रुपये, बंधित (ठरावीक कामांसाठीच वापरता येणाऱ्या) निधीतल्या पाण्याच्या हिश्शातून आणि देखभालीतून. यात सर्वात जास्त परिणाम ज्याचा झाला त्या ठरलेल्या वेळेला एक रुपयाही लागला नाही. हे फेब्रुवारीतही करता आलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

मोजणी आधी आणि अधिग्रहण नंतर. १२,००० लिटर वाढवले त्यातले बहुतेक टाकीजवळच मुरले आणि दरी रुंदावली. वाटप बिघडलेलं असताना पुरवठा वाढवला की वाढीव पाणी त्याच बिघडलेल्या वाटेने जातं.

बॅरल वेळापत्रकाच्या आधी यायला हवे होते. ते आले ९ एप्रिलला. पहिले आठ दिवस ५७ घरांनी दोन दिवसांची तहान ८० लिटरवर भागवली. पहिल्या आठवड्यातल्या १३ तक्रारींपैकी ७ याच घरांच्या. साठवण वाढली की डासांचंही पाहावं लागतं. झाकण नसलेल्या बॅरलात आठवडाभरात डेंग्यूच्या डासाच्या अळ्या होतात. बॅरलाबरोबर झाकण आणि आठवड्याचा कोरडा दिवस (भांडी रिकामी करून वाळवायचा) हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आशा सेविकेने ते मेमध्ये स्वतःहून सुरू केलं.

चकत्या बसवायला सुरुवात वरच्या आळीच्या खालच्या टोकापासून झाली, कारण प्लंबरला तिथून सोयीचं होतं. त्या टोकाला साधी घरं, वरच्या टोकाला पुढाऱ्यांची. तीन दिवस गावात चर्चा एकच: मोठ्यांच्या घरी चकती बसणारच नाही. चौथ्या दिवशी बसली, पण तोवर नुकसान झालं होतं. कामाचा क्रम प्लंबरवर सोडण्याची ही बाब नव्हती.

मोठ्या कुटुंबांना जादा हंड्यांऐवजी थोड्या मोठ्या भोकाची चकती देता आली असती. घरातल्या माणसांची यादी होतीच. पाचाऐवजी साडेपाच मिलीमीटर भोकाने सुमारे वीस टक्के पाणी वाढतं, कोणाला डोक्यावर वाहावं लागत नाही.

जनावरांचा विचार उशिरा झाला. उन्हाळ्यात दुभत्या गाईला पन्नासेक लिटर सहज लागतात. ज्यांच्या दावणीला दोन गाई, त्यांचं घरटी ११७ लिटरमध्ये काय होणार? अधिग्रहित विहिरीवर जनावरांसाठी हाळ बांधायचा मुद्दा मेमध्ये आला, तेव्हा विहीरच आटत आली होती.

आणि वेळापत्रक पावसाळ्यासाठी लिहिलेलं नव्हतं. जूनमध्ये पाऊस झाला, विहीर भरली, पाणी दिवसाला लाखावर गेलं. एवढं पाणी टाकीत एका वेळी मावत नाही, म्हणून कर्मचाऱ्याने टाकी भरेल तेव्हा सोडायचा जुना शिरस्ता पुन्हा धरला. कोणी हरकत घेतली नाही, पाणी भरपूर होतं. ऑगस्टमध्ये माळावरून पहिली तक्रार आली: पाणी येतं, पण कधी ते कळत नाही. सप्टेंबरच्या मासिक सभेत ठराव झाला की बारा महिने सकाळची पाळी ठरलेली राहील आणि टाकी दुसऱ्यांदा भरली तर संध्याकाळी साडेपाचला चारही भाग एकदम उघडले जातील. पाणीपट्टीच्या वसुलीचा विषय त्याच सभेच्या पत्रिकेवर होता, तो पुढे ढकलला गेला. २०२५ मध्ये माणला मे महिन्यातच जोरदार पावसाने गाठलं. त्यामुळे पाणी टंचाईत असताना हा ठराव किती टिकतो, याची परीक्षा त्या वर्षी झाली नाही.